जुन्या वायरलेस कीबोर्डवर स्वतःची बटणं जोडताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वायरलेस कीबोर्ड भंगारात जातो तेव्हा त्यात खरोखर बिघडलेलं फार थोडं असतं. चहा सांडून आतला प्लास्टिकचा पडदा खराब झालेला असतो, चार-दोन कळा उमटत नसतात, एखादी तुटून हरवलेली असते. वरच्या कडेला बसलेला बोटभर लांबीचा सर्किट बोर्ड मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतो. कोणती कळ दाबली हे ओळखणं, त्याचा संदेश बनवणं आणि तो बिनतारी पाठवणं ही तिन्ही कामं तो एकटा करतो. कळांच्या जागी आपल्याला हवी ती बटणं जोडली की आपल्या कामापुरतं उपकरण तयार होतं. प्रोग्रॅमिंगची एक ओळही लिहावी लागत नाही.

हे कशासाठी करायचं? आपल्याकडचंच उदाहरण घेतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल, आणि आता अनेक मंडळांत अभंगांच्या वहीशेजारी टॅबलेटही दिसतो. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. मग पान उलटायचं कुणी? बाजारात पान उलटायची पायपेडलं मिळतात, पण ती खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यांसाठी केलेली असतात. आपला वादक सतरंजीवर मांडी घालून बसतो, त्याचं पाऊल मांडीखाली अडकलेलं असतं. त्याचा मोकळा राहतो तो गुडघा. म्हणजे पेडल नको, गुडघ्याने दाबायचं बटण हवं. आयुष्यभर हार्मोनियम शिकवणाऱ्या पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात अशा बटणाची गरज समजावून सांगावी लागू नये. या लेखात तेच बटण उदाहरण म्हणून घेतलं आहे. पद्धत कळली की दुकानातलं बिलिंग असो किंवा थरथरणाऱ्या हाताच्या आजोबांसाठी मोठी बटणं असोत, सगळीकडे तीच चालते.

बोर्ड आणि डोंगल ही जोडी आहे

नवशिक्यांचा पहिला विचार असतो तो ‘त्यातला वायरलेस मॉड्यूल तेवढा काढून घेऊ’ असा. तसं करू नका. साध्या कीबोर्डात वेगळा काढता येईल असा मॉड्यूल बहुधा नसतोच. कळा तपासणारी आणि लहरी पाठवणारी चिप एकाच बोर्डावर असते, आणि स्वस्त कीबोर्डात ती काळ्या एपॉक्सीच्या थेंबाखाली गाडलेली असते. शिवाय तिची भाषा तिच्या यूएसबी डोंगललाच, म्हणजे संगणकाच्या यूएसबी भोकात लावायच्या छोट्या रिसीव्हरलाच, कळते. म्हणून आख्खा बोर्ड ठेवायचा, त्याचा डोंगल ठेवायचा, आणि लहरींच्या बाजूला हात न लावता कळांच्या बाजूला काम करायचं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या.

म्हणून जुना कीबोर्ड घेताना आधी डोंगल शोधा. सेलच्या खाचेत, कीबोर्डाच्या पोटाशी असलेल्या कप्प्यात, नाहीतर जुन्या संगणकाच्या पाठीमागे तो अडकलेला सापडतो. कीबोर्ड आणि माऊस जोडीने विकले जातात तेव्हा दोघांना एकच डोंगल असतो. माऊस मेला म्हणून लोक जोडी टाकतात आणि डोंगल माऊसबरोबर दुसऱ्याच पिशवीत जातो, त्यामुळे भंगारवाल्याला माऊसबद्दलही विचारा. डोंगल नसलेला साधा कीबोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका. याला अपवाद दोन. एक, लॉजिटेकचे ‘युनिफाइंग’ जातीचे कीबोर्ड. २००९ मध्ये आलेल्या या पद्धतीत एका डोंगलला सहा उपकरणं जोडता येतात, आणि मूळ डोंगल हरवला तर त्याच जातीचा दुसरा डोंगल सॉफ्टवेअरने जुळवता येतो. दोन, ब्लूटूथ कीबोर्ड. त्याला डोंगल लागतच नाही, तो थेट टॅबलेटला जोडला जातो. भजनाच्या कामासाठी ब्लूटूथ कीबोर्ड मिळाला तर तोच घ्या, कारण डोंगल टॅबलेटच्या चार्जिंगच्या भोकात बसतो आणि रात्रभराच्या कार्यक्रमात चार्जिंगची अडचण होते. मात्र ब्लूटूथच्या बोर्डावरचं ‘कनेक्ट’चं छोटं बटण जपा, त्याच्याशिवाय पुन्हा जोडणी होत नाही. ते बोर्डावर नसून कळांच्या जाळीत असेल, तर त्याच्याही दोन तारा बाहेर काढाव्या लागतील.

२७ मेगाहर्ट्झवर चालणारे, मुठीएवढ्या रिसीव्हरचे फार जुने कीबोर्ड अजून कुठेतरी पडलेले असतात. ते सोडून द्या.

घेण्याआधी जागेवरच तपासा. खिशात दोन पेन्सिल सेल आणि एक ओटीजी अडॅप्टर असला की पुरे. सेल घाला, डोंगल अडॅप्टरमधून फोनला लावा, नोट्सचं अ‍ॅप उघडा आणि सगळ्या कळांवरून हात फिरवा. पाच-सहाच अक्षरं उमटली तरी चालेल. बोर्ड जिवंत आहे, जोडी जुळलेली आहे, आणि बाकीच्या कळा मेलेल्या असल्या तरी आपल्याला त्या नकोच आहेत.

साहित्य

बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं बारीक सोल्डर, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, ब्लेड, चिमटा. तारेसाठी जुन्या हार्ड डिस्कची चपटी रिबन केबल उत्तम, ती मऊ असते. लॅन केबलची तार ताठ असते, ती जरा हलली की बोर्डावरची पट्टी उखडून आणते. बटणासाठी रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा स्विच) आणि लहान चुंबक लागेल. रीड स्विच गावातल्या दुकानात न मिळाल्यास कोल्हापूर किंवा हुबळीला जाणाऱ्या कुणाला तरी सांगा, दोन्ही गावं बेळगावपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहेत. नाहीतर ऑनलाइन मागवा.

उघडणं

आधी सेल काढा. मागचे दिसणारे स्क्रू काढून झाले तरी कीबोर्ड उघडत नाही, कारण एक-दोन स्क्रू लेबलाखाली किंवा रबरी पायांखाली लपवलेले असतात. लेबलावरून बोट दाबत न्या, जिथे खड्डा लागेल तिथे स्क्रू आहे. मग कडेने जुनं एटीएम कार्ड सरकवत खाचा सोडवा.

आत रबराच्या टोप्यांचा थर, त्याखाली पारदर्शक प्लास्टिकचा तीन पदरी पडदा, कधी कधी पत्र्याची चादर, आणि वरच्या कडेला आपला बोर्ड. पडद्याची शेपटी बोर्डावर सोल्डर केलेली नसते. एक प्लास्टिकची किंवा पत्र्याची पट्टी, तिच्याखाली रबर, आणि वरून दोन-तीन स्क्रूंनी आवळलेली अशी ती नुसती दाबून बसवलेली असते. ती सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा: पूर्ण, जवळून, आणि शेपटी कोणत्या बाजूने कशी बसली आहे त्याचा. पडदा फाडू नका, टाकू नका. पुढच्या पायरीचा नकाशा तोच आहे.

सेलच्या जागी पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर ती सेलमधून पाझरलेली रसायनं आहेत. अल्कलाइन सेल असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने स्वच्छ करा आणि वाळू द्या. हातमोजे घाला. पाझर बोर्डावरच्या रेघा खात आत गेला असेल तर तो बोर्ड सोडून दुसरा शोधा.

कोणत्या दोन पट्ट्या म्हणजे कोणती कळ

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, आणि इथेच घाई नडते.

पडद्याच्या तीन पदरांपैकी वरच्या आणि खालच्या पदरावर विजेच्या रेघा छापलेल्या असतात, मधल्या पदराला फक्त भोकं. कळ दाबली की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. शहापूर-वडगावच्या मागावर ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना ओलांडतात, तशा या आडव्या-उभ्या रेघा आहेत, आणि ओलांडण्याची प्रत्येक जागा म्हणजे एक कळ. समजा बोर्डावर २६ काळ्या पट्ट्या आहेत. बहुतेक वेळा त्या ८ आणि १८ अशा विभागलेल्या असतात. ८ गुणिले १८ म्हणजे १४४ जागा, त्यात १०४ कळा आरामात मावतात. चिप एका बाजूच्या रेघांवर एकामागून एक संकेत सोडते आणि दुसऱ्या बाजूला तो कुठे पोचला ते बघते. म्हणजे तिच्या दृष्टीने ‘कळ दाबली’ याचा अर्थ ‘या दोन पट्ट्या जोडल्या गेल्या’ एवढाच. त्या कुणी जोडल्या, बोटाने, गुडघ्याने की चुंबकाने, याच्याशी तिला काही देणं-घेणं नाही.

आता जोड्या शोधू. पट्ट्यांना डावीकडून १, २, ३ असे आकडे द्या आणि फोटोवर लिहून ठेवा. समजा ‘पेज डाऊन’ हवी आहे. पडद्यावर त्या कळेची जागा शोधा, वरच्या पदरावरची तिची रेघ डोळ्यांनी शेपटीपर्यंत न्या, तशीच खालच्या पदरावरची न्या. रेघा गुंतल्या तर मल्टिमीटर घ्या, पण त्याच्या ‘पीं’ वाजणाऱ्या खुणेवर विसंबू नका. छापलेल्या शाईचा रोध जास्त असतो, म्हणून रेघ अखंड असूनही मीटर वाजत नाही. ओहमच्या २० के रेंजवर ठेवून आकडा बघा.

अंदाज बांधला की खात्री करायची. बोर्डला सेल जोडा, डोंगल संगणकाला लावा. एका छोट्या तारेच्या मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून दोन टोकं मोकळी ठेवा. या टोकांनी दोन पट्ट्यांना स्पर्श करा आणि संगणकाच्या स्क्रीनवर काय उमटतं ते बघा. रेझिस्टर असल्यामुळे चुकून भलतीकडे टोक लागलं तरी बोर्ड वाचण्याची शक्यता वाढते. तरीही सेलच्या तारांजवळ हे टोक नेऊ नका. काम सुरू करण्याआधी संगणकावरच्या सगळ्या फायली जतन करून बंद करा, कारण चाचपडताना ‘स्लीप’ किंवा ‘डिलीट’ची जोडी लागू शकते. नोटपॅडमध्ये अक्षरं दिसतात पण ‘पेज डाऊन’, ‘एफ ८’, ‘शिफ्ट’ दिसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्सवर ‘ईव्हीटेस्ट’ वापरा, विंडोजवर कळा तपासणारं एखादं पान ब्राउझरमध्ये उघडा.

जे सापडेल ते लगेच वहीत लिहा: ‘७ आणि १९, पेज डाऊन’. डोक्यात ठेवू नका.

आता निवड. दोन-तीन बटणांचं उपकरण असेल तर हव्या त्या कळा मिळण्याचा हट्ट सोडा, आणि एकच पट्टी समाईक असलेल्या कळा निवडा. समजा पट्टी ७ समाईक आहे आणि १९, २१, २४ या तिच्या जोडीदार आहेत, तर तीन बटणांना चारच तारा लागतात. दुसरा फायदा मोठा. कळांच्या जाळीत एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले तर विजेला वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापर्यंत वाट मिळते आणि न दाबलेली कळ दाबल्यासारखी वाटते. काही बोर्ड हे टाळायला तिसरी कळ गाळूनच टाकतात. सगळी बटणं एकाच समाईक पट्टीवर असली की चौकोनच होत नाही, मग ही भानगडही नाही. यातून ‘पेज डाऊन’ऐवजी ‘जे’ किंवा ‘एफ ४’ मिळाली तर संगणकावर तिचा अर्थ बदलता येतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’मध्ये त्याची सोय आहे. टॅबलेटवर मात्र असा बदल सोपा नाही, तिथे खरी ‘पेज डाऊन’ किंवा बाणाची कळच शोधून काढा आणि दोन समाईक तारा लागल्या तरी लागू द्या.

तार जोडणं

बोर्डावरच्या पट्ट्या काळ्या दिसतात कारण तांब्यावर कार्बनचा लेप असतो, आणि कार्बनवर सोल्डर धरत नाही. सेल काढा. ब्लेड जवळजवळ आडवं धरून फक्त हव्या त्या पट्टीचा दोन-तीन मिलिमीटर भाग खरवडा, तांब्याचा रंग दिसला की थांबा. अल्कोहोलने पुसा, फ्लक्सचा टिपका ठेवा. आयर्नचं टोक स्वच्छ करून पट्टीवर सोल्डरचा पातळ थर चढवा. तारेच्या टोकालाही आधीच सोल्डर लावून ठेवा. मग तार पट्टीवर ठेवून दोन-तीन सेकंद आयर्न टेकवा, एवढंच. तापमान बदलता येणारा आयर्न असेल तर ३२० ते ३५० अंश सेल्सिअस ठीक. स्वस्त बोर्डाला जास्त वेळ उष्णता लागली की तांब्याची पट्टी कागदासारखी सुटून येते, आणि मग ती बसवणं फार कठीण.

कार्बन खरवडल्यावर तांबं लागलंच नाही तर पुढे खरवडू नका. त्या पट्टीतून निघालेली रेघ पुढे एखाद्या गोल टिकलीत किंवा छोट्या भोकात जाते, तिथला हिरवा मुलामा काढून जोडणी करा.

सोल्डरिंगचा हात अजून बसला नसेल तर दुसरा मार्ग आहे, आणि पहिल्या उपकरणासाठी मी तोच सुचवेन. तांब्याची चिकटपट्टी बारीक कापून जाड प्लास्टिकच्या तुकड्यावर अशी लावा की तिची बोटं बरोबर हव्या त्या काळ्या पट्ट्यांवर येतील. तारा या चिकटपट्टीच्या दुसऱ्या टोकाला बोर्डापासून दूर सोल्डर करा. मग पडद्याच्या शेपटीच्या जागी हा तुकडा ठेवून मूळ रबर आणि दाबपट्टी पुन्हा आवळा. बोर्डला उष्णता लागत नाही आणि चुकलं तर उलगडून पुन्हा करता येतं.

कोणत्याही मार्गाने केलं तरी तारांना बोर्डाच्या कडेवर ग्लू गनने पकड द्या, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही. खिडकी उघडी ठेवून काम करा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि लहान मुलांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका.

लहरींची बाजू आणि खोकं

बोर्डाच्या एका टोकाला नागमोडी किंवा आयताकृती वळणं घेत गेलेली तांब्याची रेघ दिसेल, तिच्या आजूबाजूला दुसरं काही नसेल. ती अँटेना. तिच्यावर ग्लू नको, तार नको, टेप नको. तिला लांब तार जोडून पल्ला वाढवण्याचा मोह होतो, पण तसं केल्याने पल्ला बहुधा कमीच होतो. हे बोर्ड ज्यावर चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे, आणि त्या मर्यादेत राहण्यासाठीही लहरींचा भाग कारखान्यातून आला तसाच ठेवणं योग्य.

बेळगावात एक खास सावधगिरी लागते. उद्यमबागेच्या कारखान्यांत ओळखीचं कुणी असलं की अॅल्युमिनियमचं सुबक खोकं सहज करून मिळतं, आणि ते लावायची इच्छा होते. धातूच्या बंद खोक्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. खोकं प्लास्टिकचं किंवा लाकडाचं घ्या. वजनासाठी तळाला लोखंडी पट्टी हवीच असेल तर अँटेनाचं टोक तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर तरी दूर आणि वरच्या बाजूला ठेवा.

वीज

बोर्ड जितक्या सेलवर चालत होता तितक्याच सेलवर चालवा. दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, एक सेल म्हणजे दीड व्होल्ट. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट थेट दिले तर चिप जळू शकते. मूळ कीबोर्डातला सेलचा कप्पा कापून घेतलात तर स्प्रिंग आणि पत्रेही आयतेच मिळतात. लाल-काळ्या तारांची बाजू फोटोत बघून जोडा.

काही कीबोर्डात ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो. तो फुगलेला असेल तर वापरू नका, टोचू नका, दाबू नका. चांगला असेल आणि चार्जिंगची सोय मूळ बोर्डावरच असेल तर तीच राहू द्या. टीपी४०५६ या चिपचा लिथियम सेलसाठीचा तयार चार्जर लावायची वेळ आली तर तो संरक्षण सर्किट असलेला घ्या. त्याच्यावर बहुधा १.२ के चा रेझिस्टर असतो आणि तो १ अँपिअर सोडतो. कीबोर्डातल्या छोट्या सेलला ते खूप जास्त आहे. तिथे १० के चा रेझिस्टर लावला की प्रवाह साधारण १३० मिलिअँपिअरवर येतो. लिथियमचं काम आधी कुणी केलं नसेल तर पहिलं उपकरण पेन्सिल सेलवरच करा.

गुडघ्याचं बटण

बैठकीत ‘टिक’ असा आवाज येता कामा नये, म्हणून मशीनवरचा मायक्रोस्विच इथे चालत नाही. रीड स्विच घ्या. काचेच्या बारीक नळीत दोन पाती असतात, चुंबक जवळ आला की ती एकमेकांना टेकतात. आवाज नाही, आणि काच बंद असल्यामुळे खानापूर, जांबोटीच्या पावसातही पाती गंजत नाहीत. त्याचे पाय वाकवताना काचेलगतचा भाग चिमट्याने धरा, नाहीतर काच तडकते.

जाड प्लायवुडच्या तळहाताएवढ्या पाटावर एक उभी फळी बिजागरीने बसवा. तिच्या आतल्या बाजूला चुंबक चिकटवा, समोर पाटावर उभ्या केलेल्या ठोकळ्यात रीड स्विच. दोघांमध्ये स्पंजचा तुकडा ठेवा, म्हणजे फळी आपोआप मागे येईल. वादक बसल्यावर पाट त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवायचा, गुडघा किंचित बाहेर ढकलला की पान पुढे. गुडघ्याखाली ठेवायचा प्रयत्न करू नका, तिथे पायाचा भार कायम पडतो आणि पानं आपोआप पळत सुटतात. चुंबक किती जवळ आल्यावर स्विच लागतो हे प्रत्येक जोडीत वेगळं असतं, म्हणून स्पंजची जाडी वादकाला बसवूनच ठरवा. ताल देताना त्याचा गुडघा हलतो का, किती हलतो, ते बघा. तेवढ्या हालचालीने बटण लागता कामा नये. मागच्या पानासाठी डाव्या गुडघ्याला दुसरा पाट केला तर उत्तम, रिबन केबलने जोडता येतो.

फळी दाबून धरली तर कळ दाबून धरल्यासारखंच होतं आणि पानं भराभर उलटतात. वादकाला हे आधी सांगा. आणि एक तालीम घरीच करा, थेट सप्ताहात नको. टॅबलेटवर बाह्य कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कळफलक गायब होतो. अभंग शोधताना लोक गोंधळतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये भौतिक कीबोर्ड असतानाही पडद्यावरचा कळफलक दाखवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करून ठेवा. पीडीएफ वाचायचं अ‍ॅप ‘पेज डाऊन’ला प्रतिसाद देतं का हेही बोर्ड उघडण्याआधीच, साबूत कीबोर्ड लावून तपासा.

आणखी कुठे

टॅली वापरणाऱ्या दुकानात एफ ८ विक्रीसाठी, एफ ६ जमेसाठी, एफ ५ खर्चासाठी, अशी तीन ठळक बटणं गल्ल्याशेजारी लावता येतात. हात थरथरणाऱ्या माणसासाठी मोठी बटणं केलीत तर विंडोजमधलं ‘फिल्टर कीज’ सुरू करा, ते क्षणभराचे आणि पाठोपाठचे नकोसे स्पर्श गाळतं. आणि आपल्या भागात एक सोय आपसूक मिळते. बोर्ड फक्त कोणती कळ दाबली तेवढंच पाठवतो, अक्षर संगणक ठरवतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-मांडणीत देवनागरी आणि कन्नड या दोन्हींची मांडणी एकाच तत्त्वावर आहे, ‘के’ची कळ मराठीत ‘क’ देते आणि कन्नडातही ‘क’च देते. घरात एक मराठीत आणि दुसरा कन्नडात लिहिणारा असला तरी बटणं तीच, फक्त संगणकाची भाषा बदलायची.

पासवर्ड किंवा बँकेचा पिन मात्र अशा बटणांवरून देऊ नका. अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्डांचे संदेश सांकेतिक केलेले नसतात आणि जवळपासचा माणूस ते ऐकू शकतो, हे २०१६ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं आहे. पान उलटायला त्याने काही बिघडत नाही.

तुम्हाला बटणाचा संदेश स्वतः लिहायचा असेल, सेन्सर जोडायचे असतील, किंवा वीस-पंचवीस बटणं एकदम वाजवायची असतील, तर जुन्या बोर्डाच्या मागे लागू नका. ब्लूटूथ असलेला, प्रोग्रॅम करता येणारा ईएसपी३२ सारखा नवा बोर्ड घ्या.

अडलं तर

काहीच उमटत नाही: सेलचा व्होल्टेज मोजा, मग दोन पट्ट्या रेझिस्टरच्या तारेने थेट जोडून बघा. तिथे उमटलं तर दोष तुमच्या तारेत किंवा स्विचमध्ये, बोर्डात नाही.

एकच अक्षर आपोआप सुरू राहतं: दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये सोल्डर पसरला आहे. भिंगाने बघा, ब्लेडने फट मोकळी करा.

कधी लागतं, कधी नाही: डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या भोकात असेल तर काढून काळ्या भोकात लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलवर बाहेर आणा. यूएसबी ३ मुळे याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विजेचा गोंगाट होतो.

पावसाळ्यात चालेनासं होतं: खरवडलेल्या तांब्यावर ओल बसली आहे. अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, फक्त जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. अँटेना सोडून. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका.

उरलेल्या कीबोर्डातले स्क्रू, रबराच्या टोप्या, स्प्रिंग आणि पत्रा डब्यात ठेवा, पुढच्या कामाला येतात. छापील रेघांचा पडदा नकाशा उतरवून होईपर्यंत जपा. मेलेले बोर्ड आणि सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका, जाळू तर अजिबात नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे बोर्ड नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवेत. साठवून ठेवा, आणि गल्लीतल्या किंवा कॉलेजातल्या ई-कचरा संकलनाच्या वेळी एकदमच द्या. सेलच्या टोकांना टेप लावून.